कॉपी केलेला मजकूर असतो कुठे?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर काम करणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. एका प्रोग्राममधून परिच्छेद कॉपी करावा, ती विंडो बंद करावी आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये पेस्ट करायला जावे, तर काहीच उमटत नाही. मजकूर मराठी असेल तर कधी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते, आणि मजकूर फार मोठा असेल तर तो मध्येच तुटतो. ‘लिनक्सचे हे असेच’ असे म्हणून लोक पुढे जातात, आणि प्रोग्राम लिहिणारी मुलेही तेच म्हणून हात झटकतात. मी प्रोग्रामिंग शिकवतो, आणि हा प्रकार जवळून पाहत आलो आहे. या तिन्ही तक्रारींचे मूळ लिनक्समध्ये नसते. मजकूर देणाऱ्या किंवा घेणाऱ्या प्रोग्रामच्या लेखकाने जे काम अर्धवट सोडले त्यात ते असते. ते काम कसे करायचे याचे नियम तीन दशकांहून अधिक काळ लिहून ठेवलेले आहेत, आणि तरीही आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते जवळजवळ कोणी शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

कॉपी-पेस्टचा जो भाग आपल्याला डोळ्यांनी दिसतो, त्याचे श्रेय लॅरी टेस्लर यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या मध्यात टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ हा लेखनाचा प्रोग्राम तयार केला आणि मजकूर उचलून दुसरीकडे ठेवण्याची आजची रीत त्यातून रूढ झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये टेस्लर यांचे निधन झाले तेव्हा जगभरातील वृत्तपत्रांनी त्यांची आठवण काढली. मात्र दोन स्वतंत्र प्रोग्राम, कदाचित दोन वेगवेगळ्या यंत्रांवर चालणारे आणि एकमेकांची काहीही माहिती नसलेले, एकमेकांना मजकूर देतात तो कसा, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर मला लिनक्सवर वर्षानुवर्षे पडद्यावरच्या विंडो सांभाळणाऱ्या एक्स विंडो प्रणालीत सापडते.

एक्सचा जन्म १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये झाला. तेथील ‘प्रोजेक्ट अथीना’ या उपक्रमात विद्यार्थ्यांसाठी मोठ्या संख्येने संगणक बसवले जात होते, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच चित्रमय पडदा चालावा अशी गरज होती. रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. आज वापरात असलेली अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये बाहेर पडली. या प्रणालीत पडदा, कीबोर्ड आणि माऊस सांभाळतो तो सर्व्हर. आपले एडिटर, टर्मिनल, ब्राउझर हे सगळे त्याचे क्लायंट, आणि ते दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावरही चालत असू शकतात. प्रोग्रामांनी आपापसांत कसे वागायचे हे मूळ प्रणालीने मुद्दामच ठरवले नाही. ते ठरले पुढे, डेव्हिड रोझेन्थाल यांनी लिहिलेल्या एका नियमपुस्तिकेत, जिची पहिली आवृत्ती १९८९ साली आली. तिचे नाव लांबलचक आहे, पण एक्सचे प्रोग्रामर तिला ‘आयसीसीसीएम’ म्हणतात आणि मीही पुढे तसेच म्हणेन.

सुरुवातीला जी सोय होती ती अगदी साधी होती. प्रत्येक विंडोला माहितीच्या नोंदी चिकटवता येतात, त्यांना प्रॉपर्टी म्हणतात. सगळ्या विंडोंच्या मुळाशी असलेल्या रूट विंडोवर शून्य ते सात अशा आठ नोंदी राखून ठेवल्या होत्या, त्यांची नावे ‘कट बफर शून्य’ ते ‘कट बफर सात’. मजकूर कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने एक्स-स्टोअर-बाइट्स या फंक्शनला हाक मारून बाइट तिथे ठेवायचे, पेस्ट करणाऱ्याने एक्स-फेच-बाइट्स वापरून ते उचलायचे. आठही बफर चक्रासारखे फिरवण्यासाठी एक्स-रोटेट-बफर्स होते, म्हणजे आधीच्या सात वेळी कापलेले तुकडेही हाताशी राहत. अर्थात फिरवण्याआधी आठही नोंदी अस्तित्वात असाव्या लागत, नाहीतर सर्व्हर चूक दाखवून विनंती फेटाळत असे. म्हणून आयसीसीसीएमने सांगून ठेवले की आधी प्रत्येक नोंदीत शून्य लांबीचा मजकूर जोडून घ्या. नव्या प्रोग्रामरला या व्यवस्थेचे आकर्षण वाटते ते सहज समजण्यासारखे आहे. दोन ओळींत काम होते, आणि मजकूर रूट विंडोवर असल्यामुळे कॉपी करणारा प्रोग्राम बंद झाला तरी तो जागेवर राहतो. आजही काही जण ‘मग हेच का वापरू नये’ असे विचारतात.

कारणे बरीच आहेत. कट बफरमध्ये फक्त ‘स्ट्रिंग’ या प्रकारचा मजकूर ठेवायचा असा संकेत होता, आणि एक्सच्या परिभाषेत स्ट्रिंग म्हणजे आयएसओ लॅटिन-१, पश्चिम युरोपच्या भाषांपुरता वर्णसंच. त्यात देवनागरीला जागाच नाही. चित्र नाही, ठळक-तिरपी अक्षरे नाहीत, तक्ता नाही. शिवाय पेस्ट होवो न होवो, प्रत्येक वेळी निवडलेला सगळा मजकूर नेटवर्कवरून सर्व्हरकडे न्यावा लागतो. मूळ एक्स ११ मध्ये एका विनंतीची कमाल लांबी २,६२,१४० बाइट एवढी होती, पुढे ती वाढवण्याची सोय झाली. पण सर्वांत मोठी उणीव यापेक्षा खोल आहे. कट बफरमध्ये पडलेले बाइट हे निर्जीव असतात. ते कुठून आले, कोणत्या रूपात होते, दुसऱ्या कोणत्या रूपात देता येतील, हे कोणालाही विचारता येत नाही, कारण उत्तर देणारा तिथे नसतो.

आयसीसीसीएमने पुरस्कार केला तो सिलेक्शन या पद्धतीचा, आणि तिचे मर्म हे की कॉपी करताना मजकूर कुठेही जात नाही. सातबाऱ्यावर नाव लागते पण जमीन जागची हलत नाही, त्याप्रमाणे सर्व्हरच्या दप्तरी फक्त धारकाचे नाव लागते आणि मजकूर धारकाकडेच राहतो. आपण माऊसने शब्द निवडतो तेव्हा एडिटर एक्स-सेट-सिलेक्शन-ओनर हे फंक्शन वापरून सर्व्हरला कळवतो की ‘प्रायमरी’ या सिलेक्शनची मालकी आता माझ्या अमुक विंडोकडे आहे. मालकी खरोखर मिळाली की नाही हे त्याने एक्स-गेट-सिलेक्शन-ओनरने तपासून घ्यायचे असते, आणि ही तपासणी पुष्कळ प्रोग्रामांत नसतेच. पेस्ट करणारा प्रोग्राम एक्स-कन्व्हर्ट-सिलेक्शनने मागणी नोंदवतो, आणि त्या मागणीत चार गोष्टी सांगतो: कोणते सिलेक्शन हवे, कोणत्या रूपात हवे, माझ्या विंडोवरच्या कोणत्या नोंदीत ते ठेवावे, आणि ही मागणी कोणत्या क्षणाची आहे. सर्व्हर ती धारकाकडे पोहोचवतो. धारक त्या क्षणी मजकूर तयार करतो, मागणाऱ्याच्या विंडोवर लिहितो आणि ‘ठेवला आहे’ अशी सूचना धाडतो. देता येत नसेल तर त्याच सूचनेत नोंदीच्या जागी ‘काही नाही’ असे लिहून नकार कळवतो. गप्प बसणे हे उत्तर नाही. गप्प बसलेल्या धारकामुळे समोरचा प्रोग्राम काही सेकंद गोठतो आणि दोष भलत्यालाच दिला जातो. दुसऱ्या कोणी मालकी घेतली की जुन्या धारकाला सिलेक्शन-क्लिअर ही घटना मिळते, आणि त्याने आपली निवड मालकीतून गेली असे समजायचे असते.

कोणती रूपे मिळू शकतात हे आधी विचारता येते. ‘टार्गेट्स’ या नावाने मागणी केली की धारकाने आपली यादी द्यायची: साधा मजकूर, युटीएफ-८ मजकूर (युटीएफ-८ म्हणजे जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचे बाइटांत लिहिलेले रूप), एचटीएमएल, चित्र, जे काही असेल ते. टार्गेट्स, टाइमस्टॅम्प (मालकी कोणत्या क्षणी घेतली) आणि मल्टिपल (एकाच वेळी अनेक रूपे) या तीन मागण्यांना उत्तर देणे प्रत्येक धारकावर बंधनकारक आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत यातली पहिली कशीबशी सापडते, उरलेल्या दोन क्वचितच.

टाइमस्टॅम्पचा आग्रह मी वर्गात धरतो तेव्हा मुलांना तो शास्त्रार्थ वाटतो. सर्व्हरला वेळ सांगताना ‘आत्ताची वेळ’ असा एक सोपा शून्य पाठवता येतो आणि जवळजवळ सगळे तोच पाठवतात, कारण आपल्या टेबलावरच्या यंत्रावर त्याने काही बिघडत नाही. आयसीसीसीएम मात्र सांगते की माऊसचे बटण किंवा कळ ज्या घटनेमुळे निवड झाली त्या घटनेवरची वेळ पाठवा. समजा, दूरच्या यंत्रावर चालणाऱ्या एका प्रोग्राममध्ये आपण एक ओळ निवडली आणि लगेच जवळच्या दुसऱ्यात दुसरी ओळ निवडली. दूरच्या प्रोग्रामची विनंती उशिरा पोहोचते. तिच्यावर खरी वेळ असेल तर सर्व्हर ती जुनी आहे हे ओळखून बाजूला सारतो. तिच्यावर शून्य असेल तर तीच ताजी ठरते आणि आपण शेवटी निवडलेली ओळ सोडून आधीची ओळ पेस्ट होते. वापरणारा मनुष्य माऊस पुन्हा फिरवतो आणि यंत्राला बोल लावतो. आता घरून काम करणारे कितीतरी लोक दूरच्या यंत्रावरचे पडदे आपल्या लॅपटॉपवर उघडतात, त्यामुळे हा आग्रह पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे.

आता मराठीविषयी, कारण आपल्या वाचकांना ज्याची झळ लागते तो भाग हा आहे. एक्स ११ आले १९८७ मध्ये. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१ मध्ये आणि युटीएफ-८ ची रचना झाली १९९२ मध्ये. म्हणजे सिलेक्शनचे मूळ नियम ठरले तेव्हा आपली लिपी जगाला मान्य अशा एका सांकेतिक रूपात अस्तित्वातच नव्हती. स्ट्रिंगमध्ये ती बसत नव्हती. अनेक लिप्यांसाठी ‘कंपाउंड टेक्स्ट’ हे दुसरे रूप होते, पण त्याच्या मान्य वर्णसंचांच्या यादीत युरोपीय, अरबी, हिब्रू, चिनी, जपानी, कोरियन होते आणि देवनागरी नव्हती. पुढे ‘युटीएफ-८ स्ट्रिंग’ नावाचे नवे रूप रूढ झाले आणि वाट मोकळी झाली. नव्या प्रकारची मागणी आणि नवे उत्तर एवढ्यावर भागले. सर्व्हरमध्ये काहीही बदलावे लागले नाही, कारण मजकुराचा अर्थ सर्व्हरला मुळात ठाऊकच नसतो. इतक्या जुन्या रचनेत आपली भाषा कोणाचीही परवानगी न मागता सामावली जाते, यातच त्या रचनाकारांची दूरदृष्टी आहे.

तरीही मराठी बिघडते, ती दोन प्रकारे, आणि दोन्ही ओळखता येतात. पेस्ट करणाऱ्या प्रोग्रामने युटीएफ-८ न मागता जुने स्ट्रिंगच मागितले तर धारक बिचारा लॅटिन-१ मध्ये बसवायला जातो आणि प्रत्येक न बसणाऱ्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो. दुसरा प्रकार अधिक वाईट. धारकाने युटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे दिले पण त्यांवर ‘स्ट्रिंग’ अशी चिठ्ठी लावली, तर घेणारा त्यांना लॅटिन-१ समजून वाचतो. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, आणि युटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन याप्रमाणे पंधरा बाइट. त्यांतल्या ‘म’चे बाइट २२४, १६४ आणि १७४. लॅटिन-१ मध्ये २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, १६४ म्हणजे चलनाचे चिन्ह, १७४ म्हणजे वर्तुळातला आर. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५, म्हणून बिघडलेल्या मराठीत तो रेघवाला ए आणि ते चलनाचे चिन्ह पुन्हा पुन्हा दिसते. दीर्घ वेलांटी किंवा हलन्त आला की चलनाच्या चिन्हाऐवजी जपानी येनचे चिन्ह येते. हे एकदा ओळखता आले की ‘फॉन्ट नाही’ म्हणून नवनवे फॉन्ट उतरवून घेण्याची गरज नाही. फॉन्टचा दोष असेल तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. रेघवाला ए दिसला तर दोष चिठ्ठीचा आहे, आणि तो प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच दूर करायचा आहे.

मजकूर मोठा झाला की आणखी एक पायरी लागते. जो मजकूर एका विनंतीत मावत नाही तो हप्त्याहप्त्याने द्यायचा. धारक आधी नोंदीवर ‘इन्कर’ असा प्रकार लिहून किमान किती बाइट येणार हे सांगतो. घेणारा ती नोंद पुसतो, हा इशारा समजून धारक पहिला तुकडा ठेवतो. घेणारा तो वाचून पुसतो, धारक पुढचा ठेवतो. आणि शेवटी शून्य लांबीचा तुकडा आला की संपले. यासाठी धारकाला परक्या विंडोवरच्या नोंदींत होणाऱ्या बदलांवर लक्ष ठेवावे लागते आणि त्याच वेळी आपले इतर कामही चालू ठेवावे लागते. अवघड नाही, पण चिकाटीचे काम आहे, आणि हेच बहुतेक जण टाळतात. इंग्रजी मजकूर मर्यादेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खात असल्याने आपण तिथे तिप्पट लवकर पोहोचतो. शिवाय तुकडा कुठे पडेल याला धरबंध नाही. ‘ठ’च्या तीन बाइटपैकी दोन एका तुकड्यात आणि एक पुढच्यात असे सहज होते. आलेला प्रत्येक तुकडा लगेच अक्षरांत उतरवणारा प्रोग्राम तिथे ठेच खातो आणि लांब मराठी उताऱ्यात मधेच एखादे अक्षर फुटलेले दिसते. सगळे बाइट आधी गोळा करावेत आणि मग एकदाच त्यांचा मजकूर करावा, एवढाच उपाय आहे. फक्त इंग्रजीवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष जन्मात सापडणार नाही, कारण तिथे प्रत्येक अक्षर एकाच बाइटचे असते.

या पत्रामागे खरा आग्रह ज्या मुद्द्याचा आहे तो आता सांगतो. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत, नियतकालिकांच्या कार्यालयांत आणि लेखकांच्या घरी अजूनही युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टांमध्ये टंकलेला अफाट मजकूर आहे. श्रीलिपी, कृतिदेव आणि त्यांच्या बरोबरीच्या फॉन्टांनी मराठी मुद्रण संगणकावर आणले, त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्या फायलींत साठवलेले असतात ते त्या त्या फॉन्टच्या आकारांचे आकडे. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी ‘क’च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर येते. ‘सर्व’मधला रफार त्या फायलीत ‘व’च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये आधी ‘र’, मग हलन्त, मग ‘व’. असा मजकूर कॉपी करून ब्राउझरमध्ये पेस्ट केला की रोमन अक्षरांची भेळ येते, आणि मग मंडळी ती भेळ एखाद्या संकेतस्थळावरच्या रूपांतरकात टाकून, तिथून पुन्हा कॉपी करून, पुन्हा पेस्ट करत बसतात. हे सारे कष्ट चुकीच्या जागी होतात. पेस्ट करणाऱ्याला मूळ फॉन्ट कोणता होता हे कळूच शकत नाही. ते फक्त धारकाला माहीत असते, कारण फाइल त्याच्याकडे उघडलेली असते आणि कोणता शब्द कोणत्या फॉन्टात आहे हे त्याला दिसत असते. सिलेक्शनच्या नियमांप्रमाणे रूपांतर करणे हे धारकाचेच काम आहे. जुन्या मराठी फायली उघडणाऱ्या एडिटरने आपल्या यादीत युटीएफ-८ स्ट्रिंग जाहीर करावे आणि मागणी येताच त्या क्षणी रूपांतर करून शुद्ध युनिकोड हाती द्यावे. वापरणाऱ्याला दोन कळा दाबण्यापलीकडे काही करावे लागणार नाही. असा प्रोग्राम कोणी लिहिला तर तो मराठीची मोठी सेवा ठरेल असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा १९८९ पासून तयार पडली आहे.

विंडो बंद करताच मजकूर नाहीसा का होतो, याचे उत्तर आता वाचकांना मिळालेच असेल. धारक गेला की त्याच्याबरोबर मजकूरही जातो. विंडोजमध्ये प्रोग्राम साधारणपणे मजकूर प्रणालीच्या ताब्यात देऊन मोकळा होतो. मागणी आल्यावर मजकूर देण्याची सोय तिथेही आहे, आणि ती वापरणारा प्रोग्राम बंद होऊ लागला की ‘कबूल केलेली सगळी रूपे आता देऊन टाक’ असा निरोप त्याला येतो. एक्समध्ये असा निरोप कोणी पाठवत नाही. निघताना धारकानेच सोय लावायची असते. त्यासाठी ‘क्लिपबोर्ड मॅनेजर’ नावाचे एक खास सिलेक्शन ठरलेले आहे. त्याचा कोणी धारक आहे का हे पाहावे, असल्यास ‘सेव्ह टार्गेट्स’ अशी मागणी करावी, त्याने मजकूर उचलून घेतला असे कळेपर्यंत थांबावे आणि मगच निघावे. जीटीकेसारख्या तयार साधनसंचात यासाठी स्वतंत्र फंक्शन दिलेले आहे. ते न वापरता प्रोग्राम सोडून दिला आणि लोकांचा परिच्छेद गेला, तर तो लेखकाचा निष्काळजीपणा आहे, या शब्दाहून सौम्य शब्द मला वापरावासा वाटत नाही.

निवडताच मिळणारे आणि माऊसच्या मधल्या बटणाने पेस्ट होणारे प्रायमरी वेगळे, आणि कॉपीची आज्ञा दिल्यावर भरणारे क्लिपबोर्ड वेगळे. दोन्हींची गल्लत करणारे प्रोग्राम आता कमी झाले आहेत, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

‘एक्स आता जुने झाले, वेलँड आले, मग हे शिकून काय मिळणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेले वेलँड आज बहुतेक मोठ्या लिनक्स वितरणांत पहिल्या पसंतीला आहे. त्यांतल्या फेडोरा या वितरणाने ते २०१६ मध्ये स्वीकारले. तिथेही मजकूर धारकाकडेच राहतो. धारक आपली रूपे जाहीर करतो, घेणारा त्यांतले एक निवडतो, आणि मजकूर एका पाइपमधून थेट एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे वाहतो, त्यामुळे हप्त्यांचे ते नियम लागत नाहीत. एक्समध्ये पडद्यावरचा कोणताही प्रोग्राम केव्हाही क्लिपबोर्ड मागून वाचू शकतो, अगदी तिथे पासवर्ड असला तरी. वेलँडमध्ये सर्वसाधारणपणे ज्या विंडोत कीबोर्डचा रोख आहे तिलाच तो दिला जातो, ही फार चांगली सुधारणा आहे. पण निष्काळजीपणाला तिथेही जागा आहे. आपल्याच विंडोतला मोठा मजकूर आपल्याच विंडोत पेस्ट करताना लिहिणारा आणि वाचणारा प्रोग्राम एकच असतो. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणतः ६४ किलोबाइट मावतात. ते भरले की लिहिणारा जागा होण्याची वाट पाहत थांबतो, आणि वाचायचे त्यालाच असल्यामुळे जागा कधीच होत नाही. एक्सच्या घटनांचा क्रम ज्याने एकदा हाताने लिहिला आहे त्याला हा पेच आधीच दिसतो.

म्हणून महाविद्यालयांतील सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की चित्रमय प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकांत एक स्वाध्याय याचा ठेवावा, आणि तो तयार साधनसंच न वापरता सर्व्हरशी थेट बोलणाऱ्या एक्सलिब किंवा एक्ससीबी या लायब्ररीवर करून घ्यावा. प्रोग्रामने मालकी खऱ्या वेळेसह घ्यावी, टार्गेट्स, टाइमस्टॅम्प, मल्टिपल आणि युटीएफ-८ स्ट्रिंग यांना उत्तर द्यावे, न जमणारी मागणी स्पष्टपणे नाकारावी, मोठा मजकूर हप्त्यांनी द्यावा आणि बंद होताना तो क्लिपबोर्ड मॅनेजरच्या स्वाधीन करावा. मुलांना तीन-चार तासिका लागतील, आणि घटनांवर चालणारा प्रोग्राम म्हणजे काय हे त्यातून जितके समजते तितके दहा तयार बटणे पडद्यावर मांडून समजत नाही. चाचणीचा मजकूर मराठीच असावा, जोडाक्षरांनी भरलेला, आणि किमान एक लाख चिन्हांचा, म्हणजे तुकडे पाडण्याची वेळ येण्याची शक्यता राहील. तपासणीसाठी एक्सक्लिप हा छोटासा प्रोग्राम पुरतो. त्याला क्लिपबोर्डकडून टार्गेट्सची यादी मागायला सांगावे; यादीत युटीएफ-८ स्ट्रिंग दिसले पाहिजे. मग पूर्ण मजकूर फाइलमध्ये उतरवून घ्यावा आणि मूळ फाइलशी बाइट-बाइट ताडून पाहावा. शेवटी धारक प्रोग्राम बंद करून हीच मागणी पुन्हा करावी, आणि तेव्हाही तोच मजकूर आला तरच गुण द्यावेत.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या उपकरणांच्या ओळखीबरोबर अशा विषयांनाही जागा मिळावी, आणि हे पत्र प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला,
एक संगणक अध्यापक, पुणे